काउंटडाउन: शब्द-अंकांच्या स्पर्धेत उतरू पाहणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधील आमच्या चार-पाच मराठी कुटुंबांच्या गटात रविवारी दुपारी चहाबरोबर काउंटडाउनचा सराव चालतो. नव्याने येणारा प्रत्येक जण जवळजवळ तेच प्रश्न विचारतो, म्हणून त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत असे ठरले. अर्जाच्या अटी आणि वेळापत्रके बदलत असतात. त्यांच्यासाठी वाहिनीची चालू सूचना हीच प्रमाण मानावी.

हा कार्यक्रम नेमका काय आहे आणि किती जुना आहे?

२ नोव्हेंबर १९८२ रोजी ब्रिटनमध्ये चॅनल फोर ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिच्यावर दिसलेला पहिलाच कार्यक्रम काउंटडाउन होता, आणि तो आजही आठवड्याच्या दिवशी दुपारी लागतो. मूळ कल्पना फ्रेंच आहे. आर्माँ जामो यांनी १९६५ मध्ये सर्वांत लांब शब्द शोधण्याचा एक खेळ फ्रेंच दूरचित्रवाणीवर आणला, आणि १९७२ पासून तो ‘दे शिफ्र ए दे लेत्र’, म्हणजे ‘अंक आणि अक्षरे’, या नावाने चालू लागला. तो फ्रेंच कार्यक्रम २०२४ मध्ये थांबला. ब्रिटिश अवतार मात्र टिकून आहे.

पहिली जवळजवळ तेवीस वर्षे रिचर्ड व्हाइटली यांनी सूत्रसंचालन केले. २००५ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर डेस लायनम, डेस ओकॉनर, जेफ स्टेलिंग, निक ह्यूअर आणि अ‍ॅन रॉबिन्सन अशी माणसे त्या खुर्चीत बसून गेली, आणि आता तेथे कॉलिन मरी असतात. अंकांची बाजू २००८ अखेरपर्यंत कॅरल व्हॉर्डरमन सांभाळत होत्या. २००९ पासून ती रेचल रायली यांच्याकडे आहे. शब्दकोश घेऊन कोपऱ्यात बसणाऱ्या सूझी डेंट १९९२ पासून तेथे आहेत. त्या कोपऱ्याला ‘डिक्शनरी कॉर्नर’ म्हणतात आणि एखादा शब्द ग्राह्य की अग्राह्य याचा निवाडा तेथेच होतो.

एका भागात किती फेऱ्या असतात आणि गुण कसे मिळतात?

दोन स्पर्धक आणि पंधरा फेऱ्या. त्यांपैकी दहा अक्षरांच्या, चार अंकांच्या आणि शेवटची एक नऊ अक्षरांच्या कोड्याची, जिला कनन्ड्रम म्हणतात.

अक्षरफेरीत एक स्पर्धक ‘व्यंजन’ किंवा ‘स्वर’ असे मागत जातो आणि दोन पालथ्या गठ्ठ्यांमधून नऊ अक्षरे फळ्यावर लागतात. स्वर किमान तीन आणि व्यंजने किमान चार असावी लागतात. घड्याळ तीस सेकंद चालते. मग दोघेही आधी आपल्या शब्दाची केवळ लांबी सांगतात आणि नंतर शब्द. ज्याचा शब्द लांब त्यालाच गुण मिळतात, अक्षराला एक याप्रमाणे. लांबी सारखी असेल तर दोघांनाही मिळतात. नऊच्या नऊ अक्षरे वापरणाऱ्याला मात्र नवाऐवजी अठरा गुण मिळतात. अंकफेरी आणि कनन्ड्रम प्रत्येकी दहा गुणांची आहेत. एका सामन्यात शंभर गुण ओलांडणे हे येथे क्रिकेटमधल्या शतकासारखेच मानाचे समजले जाते, आणि त्याला ‘सेंच्युरी’ असेच म्हणतात.

यासाठी सामान्यज्ञान लागते का?

अजिबात नाही. ‘करोडपती’च्या धर्तीवरील कार्यक्रमांची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे पटायला वेळ लागतो, परंतु येथे राजधान्या, सनावळ्या किंवा पुरस्कारविजेते यांतले काहीही विचारले जात नाही. फळ्यावर जे आहे तेवढेच भांडवल. २००५ मध्ये आठ वर्षांच्या एका मुलाने या कार्यक्रमात दोन सामने जिंकले होते, यावरून काय लागते आणि काय लागत नाही याचा अंदाज यावा.

अक्षरफेरीत कोणते शब्द चालतात?

ऑक्सफर्डचा शब्दकोश प्रमाण मानतात. पूर्वी छापील प्रत असे, आता ऑनलाइन आवृत्ती वापरतात. मोठ्या लिपीतील आद्याक्षराने लिहिले जाणारे शब्द, म्हणजे विशेषनामे, भाषांची आणि लोकसमूहांची नावे, चालत नाहीत; जोडरेघ असलेले शब्दही चालत नाहीत. त्यामुळे ‘मराठी’ हा सात अक्षरांचा शब्द फळ्यावर डोळ्यांसमोर नाचत असला तरी त्याला शून्य, आणि ‘महाराजा’ मात्र आठ अक्षरांचा चोख शब्द, अर्थात चार ‘ए’ मिळाले तर.

नामांची अनेकवचने आणि क्रियापदांची नियमित रूपे चालतात. क्रियापदापासून ‘ते करणारा’ या अर्थाचे नाम बनवायचे असेल, तर ते कोशात स्वतंत्रपणे दिलेले असावे लागते, आणि नवखे नेमके येथे फसतात. ‘करणारा’ या अर्थाचा प्रत्यय इंग्रजीत कोणत्याही धातूला जोडता येतो असे वाटते, तो जोडल्यावर शब्द कानाला बराही वाटतो, पण कोशात नसला की सात गुण हातचे जातात. विशेषणांच्या तर-तम रूपांच्या बाबतीतही एकाच उच्चाराची छोटी विशेषणे सोडली तर कोशात पाहिल्याशिवाय धाडस करू नये.

इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या माणसाने यात उतरावे का?

उतरावे, पण आपली बाजू कोठे भक्कम आहे आणि कोठे लंगडी आहे हे ओळखून उतरावे. आपण शाळेत इंग्रजी शब्द स्पेलिंग घोकून शिकलो. ब्रिटिश मुले ते बोलण्यातून शिकली. या खेळात पहिली पद्धत बरी पडते, कारण येथे शब्द ऐकू येत नाही, तो अक्षरांच्या ढिगातून उकरून काढायचा असतो. शिवाय आपल्याला ब्रिटिश वळणाचे स्पेलिंग शिकवले गेले, त्यातला ‘यू’ अनेक शब्दांत एक अक्षर वाढवतो, म्हणजेच एक गुणही.

लंगडी बाजू म्हणजे रोजच्या घरगुती शब्दांचा तुटवडा. भांडी, बागकाम, मासे, कपड्यांचे प्रकार, लहान मुलांच्या बोलीतले शब्द हे पाच-सहा अक्षरी शब्द ब्रिटिश स्पर्धकाच्या तोंडी बसलेले असतात आणि आपण ते पुस्तकातही फारसे वाचलेले नसतात. मोठे शब्द आपल्याला येतात. अडते ते निकामी वाटणाऱ्या अक्षरांतून निदान सहा अक्षरी काही तरी काढण्यात.

आपल्या भाषांतून ऑक्सफर्डमध्ये गेलेल्या शब्दांची एक यादी करून ठेवणे फायद्याचे आहे. भारतीय इंग्रजीतला ‘प्रीपोन’ त्यात आहे. आणि ‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द तर आपल्या मुंगसावरूनच तेथे गेला. त्याची इंग्रजी अक्षरे आठ, पण तीन ‘ओ’ लागतात, त्यामुळे आमच्या गटात सगळे जण त्याची वाट पाहत बसलेले असतात आणि तो काही येत नाही.

लांब शब्द चटकन दिसावा यासाठी काय करावे?

अक्षरे फळ्यावर लागत असतानाच शोध सुरू करावा, घड्याळाची वाट पाहू नये. समजा, क्रमाने सी, टी, आर, ए, आय, एन, एस, ई, ओ अशी अक्षरे आली. सहावे अक्षर लागेपर्यंतच ‘ट्रेन’ हा शब्द दिसायला हवा. एस आला की त्याचे अनेकवचन झाले. ई आल्यावर ‘सर्टन’ हा सात अक्षरी शब्द तयार होतो. शेवटचा ओ पडतो तेव्हा नवखा माणूस सातावर समाधान मानून लिहू लागतो. सरावलेला माणूस मात्र ‘टी-आय-ओ-एन’ हा शेपटीचा तुकडा बाजूला काढतो आणि उरलेल्या सी, आर, ए, एस, ई यांच्याकडे पाहतो. ‘रिअ‍ॅक्शन’ आठ. एस शिल्लक आहे, म्हणून ‘रिअ‍ॅक्शन्स’ नऊ. अठरा गुण. त्याच अक्षरांतून ‘क्रिएशन्स’ही होतो, हे घरी परतल्यावर आठवते.

म्हणजे शब्द आठवायचे नसून शेपट्या आणि डोकी ओळखायची आहेत. एस मिळाला की तो शेवटी ठेवून उरलेल्या आठांचा विचार करणे ही पहिली सवय, आणि शब्द मनात न लिहिता अक्षरे कागदावर गोलाकार मांडणे ही दुसरी. ओळीत लिहिलेली अक्षरे डोळा ओळीतच वाचत राहतो.

स्वर किती मागावेत?

नियमाने तीन ते पाच. आम्ही चार मागतो. तीन स्वर आणि सहा व्यंजने घेतल्यावर एखादा नको तो अक्षरगुच्छ आला की प्रकरण पाच अक्षरांवर अडकते. पाच स्वर घेणे हा बहुधा चुकून झालेला प्रकार असतो.

सात अक्षरांचा खात्रीचा शब्द सांगावा की आठ अक्षरांचा शंकास्पद?

माझ्या मते सामन्याचा निकाल बहुतेक वेळा याच प्रश्नावर लागतो, म्हणून येथे थोडे थांबतो.

‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ ही म्हण आपल्याला पाठ असते, परंतु या खेळात ती अर्धीच खरी आहे, कारण हातच्या शब्दाची किंमत समोरच्याकडे काय आहे यावर ठरते. तीन शक्यता पाहू.

समोरच्याकडे सहा अक्षरांचा शब्द आहे असे समजू. तुम्ही सात सांगितलेत तर तुम्हाला सात गुणांची आघाडी मिळते. आठ सांगून तो बरोबर निघाला तर आघाडी आठाची होते. चुकला तर तुम्हाला शून्य आणि त्याला सहा. एका गुणासाठी तेरा गुणांचा फरक पणाला लावणे हे चौदापैकी तेरा वेळा खात्री असल्याखेरीज शहाणपणाचे नाही. येथे म्हण पूर्ण खरी.

समोरच्याकडेही सात आहेत. तुम्ही सात सांगितलेत तर बरोबरी. आठ बरोबर निघाला तर आठाची आघाडी, चुकला तर सातांची पिछाडी. म्हणजे शब्दाबद्दल निम्मी, किंबहुना निम्म्याहून किंचित कमी खात्री असली तरी आठ सांगणे फायद्याचे ठरते.

समोरच्याकडे आठ आहेत आणि तो ठाम दिसतो. आता तुमच्या सातांना काहीच किंमत उरलेली नाही, म्हणून शंकास्पद आठ सांगण्यात गमावण्यासारखे काही नाही. फक्त त्याचाच आठ डळमळीत वाटत असेल, तर तुमचे सात अजून जिवंत आहेत हे ध्यानात ठेवावे.

अक्षरे निवडणारा स्पर्धक आधी लांबी सांगतो आणि दुसरा त्यानंतर. म्हणजे ज्या पाच फेऱ्यांत तुम्ही दुसरे असता, त्या फेऱ्यांत समोरच्याची लांबी ऐकून निर्णय घेण्याची मुभा तुम्हाला असते, आणि कागदावर सात आणि आठ असे दोन्ही शब्द लिहून ठेवलेले असतील तर तिचा उपयोग होतो. आमच्या सरावात मी कित्येकांना पाहिले आहे की समोरून ‘आठ’ ऐकल्यावरही ते सवयीने, खालच्या आवाजात, ‘सात’ म्हणतात आणि मग कोशात आपला आठ सापडला की कपाळावर हात मारतात.

अंकफेरीचे नियम काय?

चोवीस पाट्या असतात. २५, ५०, ७५ आणि १०० या चार मोठ्या, आणि १ ते १० हे आकडे प्रत्येकी दोनदा, अशा वीस लहान. स्पर्धक मोठ्या किती आणि लहान किती ते सांगतो, सहा पाट्या निघतात आणि यंत्र एक तीन अंकी लक्ष्य देते. त्या यंत्राला सेसिल असे लाडके नाव आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढ्याच क्रिया करायच्या. एक पाटी एकदाच वापरायची. मध्ये कोठेही अपूर्णांक किंवा ऋण संख्या येता कामा नये. सगळ्या पाट्या वापरल्याच पाहिजेत असे नाही. अचूक उत्तराला दहा गुण, पाचपर्यंत फरक असेल तर सात, दहापर्यंत असेल तर पाच. आणि लक्ष्याच्या अधिक जवळ असणाऱ्यालाच ते मिळतात.

आपले जुने पाढे यात उपयोगी पडतात का?

पडतात, आणि मला वाटते मराठी माणसाची खरी बाजू हीच आहे.

मोठ्या पाट्या कोणत्या आहेत ते पुन्हा पाहा: शंभराचा पाव, निम्मा, पाऊण आणि पूर्ण. आपल्या जुन्या अंकलिपीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे पाढे होते आणि पाठशाळेत ते मुलांकडून म्हणवून घेत. आपली भाषाही तशीच मोजते. सव्वाशे, दीडशे, अडीचशे, साडेचारशे, पावणेसातशे हे शब्द बाजारात रोज वापरणाऱ्याला ७५ गुणिले ९ करावेच लागत नाही.

माझ्या सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना इंग्रजी अक्षरफेरीत रस नव्हता. अंकांची फेरी आली की मात्र त्या स्वयंपाकघरातून ओट्याला हात पुसत बाहेर येत. एका रविवारी पाट्या निघाल्या ७५, ९, ७, ४, २, २ आणि लक्ष्य आले ६८२. त्यांचा मुलगा, जो बँकेत दिवसभर आकडेच पाहतो, कागदावर गुणाकार मांडत होता. सासूबाई पडद्याकडे पाहत पुटपुटल्या, “नऊ पाऊण पावणेसात,” आणि मग मुलाला म्हणाल्या, “अरे, पावणेसातशे झाले की. वर सात टाक.” घड्याळाचे निम्मे सेकंदही झाले नव्हते.

आणखी एक पाहा. २५, ७५, ७, ५, ३, १ आणि लक्ष्य ८७३. पाश्चात्त्य पद्धतीने विचार करणारा ८७३ च्या जवळ ९०० शोधतो. मराठी कानाला ८७३ म्हणजे पावणेनऊशेला दोन कमी असे ऐकू येते. पस्तिसाची पावकी पावणेनऊ, म्हणून पस्तीस पंचवीस पावणेनऊशे; पस्तीस सात पंचे मिळाले; तिनातून एक गेला की दोन, ते वजा. झाले.

आता हे पाढे शाळेत नाहीत, आणि चाळिशीखालच्या बहुतेकांना पाऊणकी म्हणजे काय ते सांगावे लागते. पण पंचाहत्तराचा दहापर्यंतचा पाढा पावणे-सव्वा-साडेच्या भाषेत म्हणायला दोन संध्याकाळी पुरतात. माझ्या पाहण्यात अंकफेरीची याहून स्वस्त तयारी नाही.

मोठ्या पाट्या किती घ्याव्यात?

सुरुवातीला एक किंवा दोन. एक मोठी आणि पाच लहान हा सगळ्यांत सुरक्षित पर्याय असून त्यात बहुधा अचूक उत्तर निघते, पण ते समोरच्यालाही निघते. तुम्ही मागे असाल आणि तुमचा अंक पक्का असेल, तर चारही मोठ्या मागून समोरच्याला अडचणीत टाकणे हा रास्त डाव आहे.

९५२ चा तो प्रसिद्ध डाव काय होता?

१९९७ मध्ये एका स्पर्धकाला २५, ५०, ७५, १००, ३, ६ या पाट्या आणि ९५२ हे लक्ष्य मिळाले. त्याने १०० मध्ये ६ मिळवून १०६ केले, त्याला ३ ने गुणून ३१८, त्याला ७५ ने गुणून २३,८५०, त्यातून ५० वजा करून २३,८००, आणि २५ ने भागून ९५२. संख्या हजारांत जाऊ लागली तशी कॅरल व्हॉर्डरमन यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसू लागले, आणि ते दृश्य आजही लोक पुन्हा पुन्हा पाहतात.

हा मनुष्य तीस सेकंदांत तेवीस हजारांचा गुणाकार कसा करू शकला, असा प्रश्न पडतो. खरी गंमत वेगळी आहे. १०६ ला ९ ने गुणले तर ९५४ येतात. दोन वजा केले की काम झाले. नऊ मिळतात ३ गुणिले ७५ भागिले २५ मधून. दोन मिळतात ५० भागिले २५ मधून. अडचण एवढीच की पंचविसाची पाटी एक आणि भागायचे दोनदा. मग भागाकार शेवटपर्यंत लांबणीवर टाकायचा आणि दोन्ही रकमांना एकदाच भागायचे. शाळेतला ‘समान छेद काढून घ्या’ हा नियम, दुसरे काही नाही. हीच युक्ती वापरून ९३७ आणि ९३८ सुद्धा निघतात: ७५ गुणिले २५ म्हणजे १,८७५, त्यातून एक वजा करून किंवा त्यात एक मिळवून दोनाने भागावे. दोन हवेत तर शंभराला पन्नासाने भागावे. एकाची पाटी मात्र हवी.

कनन्ड्रममध्ये घंटा केव्हा दाबावी?

नऊ अक्षरे उलटसुलट मांडलेली असतात, ज्याला आधी शब्द दिसेल त्याने बटण दाबायचे. चुकलात तर पुन्हा संधी नाही, आणि उरलेला वेळ समोरच्याचा. गुणांतील फरक दहा किंवा त्याहून कमी असेल तर हे कोडेच सामना ठरवते. बरोबरी झाली तर आणखी एक कोडे देतात.

तुम्ही अकरा गुणांनी पुढे असाल तर घाई करायचे काहीच कारण नाही, तरीही लोक करतात. मांडणी मुद्दाम फसवी, एखाद्या दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधणारी असते, म्हणून फळ्यावरचे न वाचता अक्षरे कागदावर वेगळ्या क्रमाने उतरवून घ्यावीत. ‘कार्टहॉर्स’ची अक्षरे हलवली की ‘ऑर्केस्ट्रा’ होतो, हे जुने उदाहरण सगळ्यांना ठाऊक असते.

अर्ज केल्यानंतर काय होते?

अर्ज वाहिनीमार्फत करायचा असतो. त्यानंतर एक छोटी चाचणी घेतात, जिच्यात खऱ्या फेऱ्यांसारख्याच अक्षरांच्या आणि अंकांच्या काही फेऱ्या असतात. त्यात सगळे नऊ अक्षरी शब्द यावेत अशी अपेक्षा नसते. वेळेत उत्तर देता येते का, बोलता येते का, हे पाहिले जाते. आमचा सल्ला असा की चाचणीच्या आधी किमान महिनाभर रोज वेळ लावून खेळल्याशिवाय अर्ज करू नये, कारण घड्याळ न लावता केलेला सराव येथे जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

चित्रीकरण कोठे होते आणि कपडे किती न्यावेत?

सुरुवातीची अनेक वर्षे लीड्समध्ये, २००९ पासून मँचेस्टरमध्ये आणि २०१३ पासून शेजारच्या सॅल्फर्डमधील मीडियासिटीत. मँचेस्टरहून तेथे ट्राम जाते.

एका दिवसात पाच भाग चित्रित करण्याची पद्धत आहे. जिंकणारा लगेच पुढच्या सामन्याला बसतो, आणि प्रेक्षकांच्या दृष्टीने तो दुसरा दिवस असल्यामुळे त्याला कपडे बदलून यावे लागते. म्हणून चार-पाच जोड न्यावे लागतात, आणि पहिल्याच सामन्यात हरलेला माणूस उरलेले सगळे इस्त्रीचे कपडे तसेच परत आणतो. बारीक रेघांचे किंवा चौकड्यांचे कापड कॅमेऱ्यात थरथरल्यासारखे दिसते, ते टाळावे. लागोपाठ चार सामने जिंकलेल्याची पाचव्यात दमछाक होते. डब्यात काही तरी हलके खायला असावे.

किती सामने जिंकता येतात आणि शेवटी काय मिळते?

हरेपर्यंत किंवा आठ विजय होईपर्यंत. आठ विजय मिळवणाऱ्याला ‘ऑक्टोचँप’ म्हणतात. तो तात्पुरता निवृत्त होतो आणि मालिकेच्या शेवटी सर्वोत्तम आठ जणांच्या बाद फेरीसाठी परत येतो.

रोख बक्षीस नाही. जिंकणाऱ्याला कार्यक्रमाच्या घड्याळाचे चित्र असलेली चहाची किटली मिळते, जी दुकानात विकत मिळत नाही, आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे जीव टाकतात. मालिका जिंकणाऱ्याला अनेक वर्षे ऑक्सफर्डच्या इंग्रजी महाकोशाचे चामडी बांधणीचे वीस खंड दिले जात.

भारतात राहून सराव करता येईल का?

येईल. अ‍ॅप्टेरस नावाचे एक संकेतस्थळ २००८ पासून चालू आहे आणि तेथे जगभरातले खेळाडू एकमेकांशी खेळतात. आजच्या चांगल्या स्पर्धकांपैकी बरेच जण तेथेच तयार झाले आहेत. तेथे पहिले पंधरा दिवस सपाटून मार खायची तयारी ठेवावी.

घरात खेळायचे तर स्क्रॅबलच्या सोंगट्या पुरतात. दोन कोऱ्या सोंगट्या काढून टाकल्या की ४२ स्वर आणि ५६ व्यंजने उरतात; त्यांचे दोन डबे करावेत. अंकांसाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या चोवीस चिठ्ठ्या कापाव्यात. लक्ष्यासाठी कोणतेही पुस्तक उघडून पानाचा क्रमांक घ्यावा, मात्र ते पुरेसे जाडजूड हवे, नाही तर लक्ष्य तीनशेच्या पुढे जातच नाही.

मराठीत असा खेळ का नाही?

अंकांच्या फेरीला भाषेची अडचण नाही. अडचण अक्षरांची आहे. इंग्रजीत अक्षर म्हणजे काय याबद्दल वाद नाही; मराठीत ‘विद्यार्थी’ हा शब्द किती अक्षरांचा मानायचा? लिहिताना तीन अक्षरे, आणि वर्ण मोजले तर व, इ, द, य, आ, र, थ, ई असे आठ. आम्ही वर्ण मोजून पाहिले. लगेच लक्षात आले की व्यंजनाला बहुतेक वेळा स्वराची सोबत लागते, म्हणून नवांपैकी चार तरी स्वर हवेत, आणि त्यांतही न दिसणारा ‘अ’ भरपूर हवा. ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे धरले तर निम्मे शब्द बाद होतात, आणि एकच धरले तर शुद्धलेखनाचे कैवारी उठून उभे राहतात.

त्याहून मोठी अडचण प्रत्ययांची. इंग्रजीत एस लागून एक अक्षर वाढते. मराठीत ‘घर’ या शब्दाचे ‘घरांमध्येसुद्धा’ करून कोणीही सामना खिशात घालील. म्हणून आम्ही विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये बंद केली, आणि अनेकवचने ठेवली. पहिल्याच फेरीत क, र, म, त, ल, अ, आ, अ, ई आले आणि एका काकांनी ‘करामती’ हा आठ वर्णांचा शब्द सांगितला. ते करामतचे अनेकवचन की स्वतंत्र विशेषण, यावर चहा निवेपर्यंत चर्चा झाली, आणि दोन्ही मार्गांनी तो ग्राह्यच ठरतो हे कोणाच्या तरी उशिरा ध्यानात आले.